केंदूरचे अकरा पेपर

शितोळे मॅडमना त्या रविवारी दुपारी एकच गोष्ट हवी होती, आणि तिचा इंग्रजीशी काही संबंध नव्हता. समोरचा गठ्ठा कुणीतरी उचलून न्यावा आणि आपल्याला बाकावर डोकं टेकून पाच मिनिटं डोळे मिटू द्यावेत. शिरूरच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये चौदा शिक्षक पेपर तपासत बसले होते, आणि खरं सांगायचं तर चौदाही जणांची इच्छा तीच होती. फरक इतकाच की सविता शितोळे सकाळी पाचला उठून, दोघांचे डबे भरून, यवतहून चौफुल्याला आणि चौफुल्याहून न्हावऱ्याच्या रस्त्याने एसटीत उभ्याने इथवर आली होती.

वय एक्कावन्न. यवतच्या हायस्कुलात सव्वीस वर्षं इंग्रजी. त्या वर्षी तिने मतदारयाद्या तपासल्या होत्या, घरोघरी फिरून शाळेत न जाणारी मुलं मोजली होती, पोरांचे आधार क्रमांक संगणकात चढवले होते, ते उडाल्यावर पुन्हा चढवले होते, आणि मधूनमधून वेळ मिळाला तर शिकवलंही होतं. आता एप्रिलच्या उन्हात हे पेपर. मुख्याध्यापकांनी तिचं नाव परस्पर देऊन टाकलं होतं. नाही म्हणायला ताकद लागते, आणि तेवढी तिच्यात उरली नव्हती.

परीक्षा घोडकाठ प्रतिष्ठानची. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतली सातवीची मुलं बसतात, फक्त इंग्रजीचा पेपर असतो, आणि पहिल्या पंधरा जणांना प्रतिष्ठानच्या निवासी शाळेत बारावीपर्यंत फुकट शिकायला मिळतं. खेड्यापाड्यातल्या आईबापांना ही परीक्षा म्हणजे लॉटरीचं तिकीट वाटतं. त्यामुळे कॉपी होते, आणि कॉपी होते म्हणून नियमही कडक. पेपरवर नाव नाही, गाव नाही, फक्त आकडा. एका केंद्राचे पेपर एका गठ्ठ्यात. एखादा अनवट शब्द तीन पेपरांत सारखा सापडला की परीक्षकाने वर पिवळी चिठ्ठी लावायची आणि सगळा गठ्ठा प्रमुखांकडे पाठवायचा.

सविताने चौथा गठ्ठा उघडला. पाचवा प्रश्न होता, घरात घडलेला एक प्रसंग इंग्रजीत सहा ओळींत लिहा. पहिल्या पेपरात शेवटच्या ओळीत शब्द होता, फॉरबोअर. दुसऱ्या पेपरात शेवटी फॉरबोअर. तिसऱ्यातही तेच. फॉरबेअर, फॉरबोअर, फॉरबॉर्न. तिने पुढचे पेपर नुसते उलटे करून शेवटच्या ओळी पाहिल्या. गठ्ठ्यात अकरा पेपर होते आणि अकराही पेपरांत तो शब्द बसलेला होता.

वाक्यं तिने वाचली नाहीत. तिने पिवळी चिठ्ठी घेतली, 'अकरा पेपरांत समान क्रियापद, सामूहिक कॉपीचा संशय' असं लिहिलं, खाली सही केली आणि गठ्ठा बाजूला सरकवला. त्या क्षणी तिच्या मनात काय आलं तेही सांगून टाकावं, लपवून काय मिळणार? तिला बरं वाटलं. अकरा पेपर कमी झाले होते. तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि पुढचा गठ्ठा ओढला.

दीड तासाने मच्छिंद्र गव्हाणे सरांनी तिला टेबलाशी बोलावलं. गव्हाणे सर प्रमुख परीक्षक. माणूस तिरसट, पण हरामी नव्हे. कागदावर आहे तेवढंच खरं मानायचं, अशी त्यांची नोकरीभर सवय होती.

"मॅडम, हा तुमचा गठ्ठा. तीस वर्षांत मी सातवीच्या पेपरात हा शब्द पाहिला नाही," ते म्हणाले. "सातवीच्या कशाला, शिक्षकांच्या तोंडी ऐकला नाही. मला स्वतःला डिक्शनरी बघायला लागली. आता असा शब्द कुणी बोलतं तरी का? कुठल्या तरी मास्तरने फळ्यावर लिहून दिलंय, दुसरं काय. अकराही रद्द करतो. फक्त त्यातला एखादा पेपर वाचून दाखवा, म्हणजे शेऱ्यात तुमचं नाव घालतो."

सविताने वरचा पेपर उचलला आणि वाचायला लागली. इंग्रजी मोडकंतोडकं, स्पेलिंगांची वाट लागलेली, पण अर्थ कळत होता. शेजारच्यांच्या म्हशीने आमची मेथी खाल्ली, आईच्या हातात दगड होता, म्हैस अगदी समोर होती, आईने मारला नाही. शी फॉरबोअर. तिने दुसरा घेतला. रांजणगावला जाणारी कंपनीची बस वडिलांच्या डोळ्यांदेखत सुटली, ड्रायव्हरने आरशात पाहूनही थांबवली नाही, वडिलांकडे त्याच्या साहेबाचा नंबर होता, त्यांनी लावला नाही. तिसऱ्यात नव्याने लग्न झालेल्या बहिणीला सासरी आमटी खारट म्हणाले, आणि आमटी तर तिने केलेलीच नव्हती, तरी ती बोलली नाही. चौथ्यात कुत्रं होतं. कुत्र्याला पोस्टमनला चावायचं होतं आणि तेही चावलं नाही. उरलेल्या सातांतही प्रसंग ज्याचा त्याचा वेगळा.

कॉपी केलेली पोरं वाक्य उचलतात, शब्द नाही. इथे शब्द एक होता आणि घरं अकरा होती. हे सविताला दुसऱ्या पेपरालाच कळायला हवं होतं, वाचला असता तर. आणि आता तिला आणखी एक गोष्ट कळली होती, आणि ती त्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणालाही कळण्यासारखी नव्हती.

हा शब्द तिला कांद्याच्या ढिगाशी शिकवलेला होता.

तिचे वडील बाळासो साकोरे, गाव केंदूर. मॅट्रिकला इंग्रजीत चार वेळा नापास. पाचव्यांदा फी भरायला गेलेच नाहीत, पण चार वर्षांत क्रियापदांचा तक्ता इतका पाठ झाला होता की तो टाकवेना. मग रानात कांदा निघाला की घरचे सगळे निवडायला बसत, मोठा, मध्यम आणि गोल्टी असे तीन ढीग करत, आणि बाळासो प्रत्येक कांद्याबरोबर क्रियापदाचं एकेक रूप म्हणायला लावत. पहिलं रूप मोठ्यात, दुसरं मध्यमात, तिसरं गोल्टीत. घरातल्या बायका हसून हसून लोळत. अर्थ विचारला तर बाळासोंना मराठी शब्द सापडत नसे, कारण पुस्तकाची अर्थाची पानं केव्हाच फाटली होती. त्यांनी अर्थ गावभर विचारून, एका निवृत्त मास्तराच्या मागे लागून गोळा केले होते, आणि सांगताना ते शब्द कधीच सांगत नसत, प्रसंग सांगत.

"हात उचललेला हाय, मारायची ताकद हाय, मारलं तर कुणी इचारणार बी न्हाई," ते सांगायचे. "आन् तरी हात खाली घेतला. भिऊन न्हाई हां. भिऊन गप बसला तर ते फारबेर न्हाई. हातात असताना आवारलं, तवा म्हणायचं फारबोर."

केंदूरहून आलेला गठ्ठा होता हा. आबा अजून शिकवत होते. एक्क्याऐंशी वर्षांचे आबा अजून पोरांना ढिगाभोवती बसवून शिकवत होते आणि पोटच्या पोरीला ते माहीत नव्हतं. माहीत नव्हतं, कारण ती वर्षाकाठी दोनदा जायची, गौरीला आणि दिवाळीला, आणि सहाची गाडी गाठायची म्हणून चारलाच पर्स काखेत मारायची.

"सर, एक फोन करून येते," ती म्हणाली आणि बाहेर व्हरांड्यात आली. तिने माहेरचा नंबर लावला. फोन तिच्या भावाच्या मुलीने, प्रांजलने उचलला.

"प्रांजल, आबा पोरांना इंग्रजी शिकवतात का गं हल्ली?"

"व्हय की. तीन वर्सं झाली. कांदा असला की ढिगापशी, नसला की मारुतीच्या पारावर." पोरगी खुशीत होती. "आत्या, औंदा अकरा जण बसलो ना परीक्षेला, घोडकाठच्या! आबा म्हणले, लागलात तर लागलात, न्हाईतर कांदं हायतच."

"अकरा जण बसलो म्हणजे? तू पण?"

"मी बी की! मी सातवीला हाय न्हवं."

सविता तिला पाचवीला समजत होती. ती कठड्याला टेकली. सकाळी हॉलमध्ये शिरताना प्रत्येकाकडून एक कागद भरून घेतला होता, 'माझे कोणीही नातेवाईक या परीक्षेस बसलेले नाहीत.' चहाची यादी, प्रवासाचा फॉर्म आणि हा कागद, तिन्हींवर तिने न वाचता सह्या ठोकल्या होत्या. वर्षभर ती हेच करत आली होती. समोर आलं की सही.

आता गप्प बसली असती तर तिचं काही बिघडणार नव्हतं. शेऱ्यात दक्ष परीक्षक म्हणून नाव गेलं असतं, पुढच्या वर्षी मुख्याध्यापिका होताना त्याचा उपयोगच झाला असता. अकरा पोरं घरी राहिली असती आणि कांदा निवडत बसली असती. केंदूरच्या बाळासोंनी पोरांना कॉपी शिकवली, असं दोन तालुक्यांत झालं असतं, आणि म्हाताऱ्याने तेही ऐकून घेतलं असतं. ती गप्प बसण्यात तरबेज होती. सासरी, शाळेत, मीटिंगमध्ये, सगळीकडे ती गप्प बसत आली होती आणि लोक तिला सोशिक म्हणत. सोसणं कसलं? बोलायचे कष्ट नको म्हणून गप्प, एवढंच. व्हरांड्यात उभं राहून तिला स्वतःचीच शिसारी आली.

ती आत गेली आणि गव्हाणे सरांना सगळं सांगितलं. वडील, कांदे, भाची, न वाचता केलेली सही, काहीही न गाळता.

गव्हाणे सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे संशय तुम्हीच घेतला. आता तुम्हीच सांगता, पोरं खरी आहेत. आणि पोरं तुमच्या वडिलांची शिष्य, त्यात एक घरचीच. मॅडम, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"विश्वास ठेवला नसता," सविता म्हणाली.

"तेच. तुम्हाला आजपासून मोकळं करतो, आणि खोटी सही दिली म्हणून तुमच्या संस्थेला पत्र जाईल. ते मी थांबवू शकत नाही." त्यांनी गठ्ठा स्वतःकडे ओढला. "पोरांना पुढच्या रविवारी बोलवतो. तोंडी. या एका शब्दाचा अर्थ ज्याला-त्याला स्वतःला सांगता आला पाहिजे. एकजण जरी गडबडला तरी फळ्यावरचं उतरवलं असं धरून अकराही रद्द. आणि तुम्ही घरी एक अक्षर सांगायचं नाही. मला कळलं तर त्याच दिवशी सगळं संपलं."

तो आठवडा कसा गेला ते सांगण्यात अर्थ नाही. शाळेत निकालाची घाई होती, घरी नणंद माहेरपणाला आली होती, आणि संस्थेच्या चिटणीसांनी तिला बोलावून दहा मिनिटं उभं ठेवून "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती" हे वाक्य तीन निरनिराळ्या प्रकारे म्हटलं. तिने ऐकून घेतलं. फक्त रोज संध्याकाळी कणीक मळताना तिच्या मनात एकच यायचं. आबांना फोन करावा आणि म्हणावं, आबा, पोरांना एक सरळ व्याख्या पाठ करून ठेवायला सांगा. पोरं प्रसंग सांगतील हो, अर्थ सांगणार नाहीत, तुम्ही तो कधी शिकवलाच नाही. दोनदा तिने नंबर काढला आणि दोन्ही वेळा परत ठेवला.

रविवारी अकरा पोरं कांद्याच्या पिकअपमधून आली, मागे ताडपत्रीवर बसून, आणि आबा पुढे ड्रायव्हरशेजारी. धुतलेलं धोतर, कडक टोपी. सविताला पाहून त्यांनी नुसती मान हलवली. तिने वाकून पाया पडण्याआधीच शिपायाने तिला आत बोलावलं. तक्रार तिची असल्याने प्रत्येक जबाबाच्या कागदावर तिची सही लागणार होती. मागच्या बाकावर बसायचं, सही करायची, तोंड उघडायचं नाही.

पहिला आला तो म्हशीच्या दगडवाला. विक्रम नाव, कान मोठे, शर्टाची वरची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली.

"फॉरबोअर. याचा अर्थ सांग," गव्हाणे सर म्हणाले. "मराठीत सांगितलास तरी चालेल."

पोरगं घाम पुसायला लागलं. ओठ हलत होते पण शब्द येईना. "म्हंजी... ते... आवारलं म्हंजी..."

"आवारलं म्हणजे? अंगण आवरलं? पसारा आवरला?"

"न्हाई सर... तसं न्हाई..." आणि पोरगं गप्प झालं. गव्हाणे सरांनी पाच सेकंद, दहा सेकंद वाट पाहिली. मग त्यांनी पेनचं टोपण काढलं.

सविताला ते टोपण काढणं दिसलं. आता तो माणूस एक ओळ लिहिणार आणि अकरा घरांतली ती बारावीपर्यंतची गोष्ट संपणार. तिला बोलायची बंदी होती. आजवर तिने कुठली बंदी मोडली होती? एकही नाही. ती उठून उभी राहिली.

"सर, अर्थ विचारू नका."

"मॅडम, तुम्ही बसा."

"नाही बसत. त्याला अर्थ शिकवलेलाच नाही. तुम्ही त्याला विचारा, असं कधी झालं. पेपरात लिहिलंय ते सोडून दुसरं. लिहिलेलं पाठ असेल, पण दुसरं कुठून आणेल? ते सांगता आलं नाही तर खुशाल रद्द करा. आणि माझ्याबद्दल अजून एक पत्र पाठवा."

तिचा आवाज इतका मोठा निघाला होता की दाराबाहेरची पोरं आत डोकावली. गव्हाणे सर पोराकडे वळून, जरा चिडूनच म्हणाले, "सांग. घरात असं दुसरं कधी झालंय का?"

विक्रमचा चेहरा एकदम मोकळा झाला. "सर, रोजच होतंय की! काल आमच्या आज्जीची न् चुलतीची पाण्यावरून जुंपली. चुलतीनं लई बोलून घेतलं. आज्जीला चुलतीची एक गोष्ट ठावं हाय, ती जर बोलली असती ना, तर चुलतीला तोंड दाखवायला जागा न्हाई. आज्जीनं पदर तोंडाला लावला. शी फॉरबोअर, सर."

"कुठली गोष्ट?"

"ती मला बी न्हाई सांगितली सर. तेच तर."

गव्हाणे सरांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी टोपण पुन्हा पेनला लावलं, आणि मग लिहिण्यासाठी परत काढलं.

मग एकामागून एक पोरं आली. कुणाच्या बापाने ग्रामसभेत सरपंचाला उत्तर दिलं नव्हतं, कुणाच्या थोरल्या भावाने कंपनीत परप्रांतीय पोराची चूक सुपरवायझरला सांगितली नव्हती. करिश्मा नावाची एक बारकीशी मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही मघाशी इक्रमला वराडणार व्हता, आन् न्हाई वराडला. तुम्ही फॉरबोअर." यावर मात्र सर मोकळेपणाने हसले. सविता प्रत्येक कागदावर सही करत होती, आणि त्या दिवशी प्रत्येक कागद वाचून सही करत होती.

सर्वांत शेवटी प्रांजल आली. सातवीची, दोन वेण्या, सविताच्याच कपाळाची. ती टेबलाशी उभी राहिली, आत्याकडे तिने एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"ही तुमची भाची ना?" गव्हाणे सर म्हणाले. "मग हिला जरा जास्त नीट विचारायला पाहिजे. सांग बाळ. असं कधी झालं? आणि तू स्वतः पाहिलेलं सांग, ऐकीव नको."

प्रांजल पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. दहा पोरं पार झाली होती, आणि ही एक अडली की सगळ्यांचं गेलं.

"सर, एकच येतंय मनात," प्रांजल शेवटी म्हणाली. "पण ते आत्याचं हाय. सांगू का?"

"सांग," सर म्हणाले.

"गौरीला आत्या आलती. जेवण झाल्याव ओट्याव बसली, आन् बसल्या बसल्याच झोपली. भितीला डोकं, तोंड उघडं. आबा म्होरं बसलेलं. लई येळ ते आत्याकडं बघत व्हतं. मग आत्या दचकून उठली, घड्याळ बघितलं, आन् म्हणली, आबा, निघते, गाडी हाय. आबांनी बोलायला तोंड उघाडलं. मी बघितलं सर, उघाडलं व्हतं. पण बोललं न्हाईत. पिशवीत कांदं भरून दिलं आन् फाट्यापतुर सोडाय गेलं."

"मग त्यांना बोलायचं होतं कशावरून?"

"मी इचारलं की मागनं. म्हणलं, आबा, काय म्हणणार व्हता? तर म्हणलं, इचारणार व्हतो, सविता, लई दमतीस का गं? मी म्हणलं, मग का न्हाई इचारलं? तर म्हणलं..." पोरगी थांबली. "म्हणलं, इचारलं असतं तर ती रडली असती. लेकीला रडवून धाडायचं, आन् पुना तिनं घरी जाऊन सयपाकाला लागायचं, त्यापरीस नगं. माझ्या तोंडात व्हतं. गिळलं."

गव्हाणे सरांचं पेन कागदावर तसंच राहिलं. प्रांजलला वाटलं आपलं काहीतरी राहिलं, म्हणून तिने घाईघाईने इंग्रजी जोडलं, "ग्रँडफादर फॉरबोअर, सर."

गव्हाणे सरांनी शेरा लिहिला. लिहायला त्यांना वेळ लागला. मग कागद फिरवून त्यांनी सविताच्या पुढे सरकवला. 'अकराही उमेदवारांना शब्दाचा अर्थ व वापर उत्तम अवगत. निकाल ग्राह्य.' तिने तो वाचायचा प्रयत्न केला, पण अक्षरं पाण्यात गेली होती. तिने अंदाजाने सही केली.

"पत्र मात्र परत घेता येत नाही, मॅडम," सर खालच्या आवाजात म्हणाले.

"राहू द्या," ती म्हणाली.

बाहेर अंगणात कडुनिंबाखाली पोरांनी नुसता कल्ला केला होता. आबा बाजूला, शाळेच्या पायरीवर, काठी दोन्ही हातांत धरून बसले होते. पोरांनी त्यांना निकाल सांगितला होता, तरी ते उठले नव्हते. सविता त्यांच्याजवळ गेली. बोलायचं तिने काहीच ठरवलं नव्हतं. पाया पडावं, पोरं पास झाली म्हणावं, पेढे आणते म्हणावं, असलंच काहीतरी येणार होतं तोंडातून.

"आबा," ती म्हणाली, "मी लई दमले हो."

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. काठी बाजूला ठेवली आणि पायरीवरची धूळ पंज्याने झाडून तिच्यासाठी जागा केली.

"व्हय," ते म्हणाले. "दिसतंय मला. बस."

ती बसली, आणि सव्वीस वर्षांचं सगळं रडू तिने तिथेच, पोरांच्या देखत, पदराचा बोळा तोंडात न कोंबता रडून घेतलं. आबा एक हात तिच्या पाठीवर ठेवून समोर बघत राहिले. पिकअपवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, तेव्हा आबा त्याच्यावर खेकसले, "थांब की रं! बोलतोय न्हवं आमी."